हरणाच्या शिकारीसाठी पारंपरिक रिकर्व्ह : ड्रॉ वेट किती घ्यावं?

मॅडिसनकर | ३ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

मी विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनच्या जवळ राहतो. कंपाउंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्याने पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करायला लागून काही सीझन झाले. आता पारंपरिक रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, बिनचाकांचं धनुष्य) घ्यायचं मनात पक्कं आहे. साइट (नेम धरायची खूण) नको, रिलीज (दोरी सोडायचं यंत्र) नको, नुसती बोटं, दोरी आणि नजर.

अडलंय ते ड्रॉ वेटपाशी, म्हणजे दोरी पूर्ण ओढायला किती पौंडांचा जोर लागतो त्यापाशी. दुकानदार म्हणतो ५० पौंड घ्या, कंपाउंड ६० चं वापरताय म्हणजे जमेलच. ऑफिसमधला एक जुना शिकारी म्हणतो ५५ च्या खाली हरणाच्या वाटेला जाऊच नकोस. आणि आमच्या राज्याचा नियम बघितला तर किमान मर्यादा फक्त ३० पौंडांची! ३० आणि ५५ मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. नक्की कुणाचं धरायचं?

माझी उंची ५ फूट ७ इंच, कंपाउंडवर ड्रॉ लेंग्थ (दोरी किती ओढतो ती लांबी) २७.५ इंच. शिकार बहुतेक मचाणावरून (ट्री स्टँड), अंतर १५ ते २० यार्ड. सीझन सप्टेंबरच्या मध्यात उघडतो, म्हणजे हातात तीन महिने आहेत.

इथे कुणी पारंपरिक धनुष्य वापरत असेल तर कृपया सविस्तर लिहा. इंग्रजी चर्चा भरपूर वाचल्या, पण प्रत्येक जण स्वतःचा आकडा सांगतो, तो कसा काढला ते कुणीच सांगत नाही.

---

रानपाखरू | ३ जून, रात्री ११:१५

चांगला प्रश्न. मी पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षं रिकर्व्हने शिकार करते आहे, त्यामुळे जरा मोठं लिहिते.

आधी ते ६० पौंड डोक्यातून काढून टाका. कंपाउंडला ८० टक्के लेट-ऑफ (शेवटी चाकांमुळे कमी होणारं वजन) असेल तर पूर्ण ओढल्यावर तुमच्या हातात जेमतेम १२ पौंड उरतात. ६० चा डोंगर तुम्ही मध्ये क्षणभर पार करता, आणि नेम धरता तो १२ पौंडांवर. रिकर्व्हचं उलटं आहे. जितकं ओढाल तितकं जड होत जातं आणि सगळ्यात जास्त वजन नेमकं नेम धरायच्या क्षणी बोटांवर असतं. शिवाय रिलीज नसल्यामुळे ते तीन बोटांच्या पेरांवर येतं. त्यामुळे "कंपाउंड ६० चं जमतं म्हणजे रिकर्व्ह ५० चं जमेल" या हिशेबाला काही अर्थ नाही.

दुसरं, लिम्बवर (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजेवर) लिहिलेला आकडा तुमचा नसतो. ४५ # @ २८ याचा अर्थ २८ इंच ओढल्यावर ४५ पौंड. तुम्ही २८ ओढणार नाही. कंपाउंडवर २७.५ असलेला माणूस बोटांनी, तोंडाच्या कोपऱ्याशी अँकर करून (ओढणारा हात टेकवून) साधारण इंचभर कमीच ओढतो. म्हणजे २६.५ धरा. या वजनाच्या धनुष्यात दर इंचाला दोन ते अडीच पौंड कमी-जास्त होतात, म्हणजे लिम्बवरचे ४५ तुमच्या बोटांवर ४१-४२ होतील. उंच माणसाने तेच धनुष्य ३० इंच ओढलं तर त्याला ते ५० च्या आसपास लागेल. तुम्ही वाचलेल्या आकड्यांमध्ये मेळ नसण्याचं अर्धं कारण हेच. कुणी लिम्बवरचा आकडा सांगतो, कुणी बोटांवरचा.

मी स्वतः बोटांवर ४३ वापरते. आमच्या राज्याची किमान मर्यादा ३५ आहे. हरणासाठी बोटांवर ४० ते ४५ असेल आणि बाकी सगळं जागेवर असेल, तर कसली कमतरता भासत नाही. तुम्हाला मात्र सुरुवातच ४० ने करा असं मी म्हणणार नाही. त्यावर इतरांचं वाचून बोलू.

---

धन्वी | ४ जून, सकाळी ७:०५

रानपाखरू यांच्या गणिताशी सहमत, निष्कर्षाशी नाही.

मी कोलोरॅडोत असतो, एल्कची (मोठ्या जातीच्या हरणाची) शिकार करतो. इथेही कायद्याने ३५ चालतं, पण कायदा म्हणजे पायरी, छत नव्हे. जनावर उभं असतं तिरकं, मध्ये फांदी असते, बाण खांद्याच्या हाडावर गेला तर? त्या वेळी जास्तीचे १० पौंड कामाला येतात. माझं बोटांवर ५३ आहे आणि त्याखाली मी जाणार नाही.

जरा कष्ट घेतले की माणूस ५० ला पोचतो. सुरुवातीलाच हलकं घेतलं की तिथेच रेंगाळायची सवय लागते.

---

सातारी_नेम | ४ जून, सकाळी १०:३०

मी शिकारी नाही, साताऱ्याकडे पोरांना तिरंदाजी शिकवतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मुळे शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, तेव्हा भारतातून वाचणाऱ्यांनी हा धागा अमेरिकेपुरता समजावा. पण धनुष्य ओढणारा खांदा दोन्हीकडे सारखाच.

आमच्याकडे पोरगं येतं ते आधी बांबूच्या नाहीतर लाकडी धनुष्यावर. मग हलके लिम्ब. वजन वाढवायचं ते एका वेळी दोन, फार तर चार पौंड. तेही कधी? शेवटचा बाण पहिल्यासारखा सुटत असेल तरच. ७० मीटरच्या रँकिंग राउंडला ७२ बाण असतात. साठावा बाण मारताना पोराचं कोपर खाली यायला लागलं की मी लिम्ब बदलत नाही, मग त्याचे आईवडील कितीही म्हणोत.

धन्वीसाहेब, हलक्यावर रेंगाळायची सवय लागते म्हणता, माझा अनुभव नेमका उलटा आहे. जडावर सुरुवात केलेल्याला जी वाकडी सवय लागते ती सोडवता सोडवता हंगाम जातो. बाण अँकरला पोचायच्या आतच सुटतो. ओढ दर वेळी अर्धा इंच कमी-जास्त होते. डोळा लक्ष्यावर टेकायच्या आधी बोटं उघडतात. एकदा हे टार्गेट पॅनिक अंगात मुरलं की मग वजन कमी करूनही ते लगेच जात नाही.

आमच्या जिल्ह्यातल्या प्रवीण जाधवने फलटण तालुक्यातल्या सरडे गावातून थेट टोकियो ऑलिंपिक गाठलं, तेही रिकर्व्हवर. अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला सतराव्या वर्षी जगज्जेती झाली, तिचं कंपाउंड. पोरं विचारतात, सर, ते किती पौंड ओढतात? मी म्हणतो, आधी त्यांचा खांदा बघा, तो बाण सुटल्यावरसुद्धा हलत नाही.

मॅडिसनकर, कंपाउंडची सवय असलेल्या धडधाकट माणसाने बोटांवर ३० ने सुरुवात करावी. तीन महिन्यांत शिकारीच्या वजनाला पोचालच असं नाही.

---

मॅडिसनकर | ४ जून, रात्री ८:२०

ताई, सर, धन्वी, तिघांचेही मनापासून आभार. कालपासून हा धागा तीनदा वाचला.

ताईंनी सांगितलं तसं आधी स्वतःची ओढ मोजावी म्हणतो. घरात तिरंदाजीचा काटा नाही. मित्राचं ४५ # @ २८ असं जुनं रिकर्व्ह मिळेल. वजन कसं मोजायचं?

---

रानपाखरू | ४ जून, रात्री ९:०२

भारतात जाताना बॅगा मोजायचा डिजिटल काटा घरात असेलच की! तोच चालतो.

आधी ड्रॉ लेंग्थ. लांब बाण घ्या, डोळे मिटून दोन-तीनदा सावकाश ओढा, अँकर बसला की कुणाला तरी बाणावर खूण करायला सांगा, धनुष्याच्या मुठीचा सगळ्यात खोल भाग येतो तिथे. बाणाच्या नॉकच्या (दोरीत बसणाऱ्या मागच्या टोकाच्या) खाचेपासून त्या खुणेपर्यंत मोजा आणि त्यात पावणेदोन इंच मिळवा. ही तुमची ड्रॉ लेंग्थ, लिम्बवरच्या २८ शी ताडून बघायची ती हीच. खूण करणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, बाणाच्या पुढे कधीच नाही.

मग काट्याचा हूक दोरीला नॉकच्या जागी अडकवा, काटा धरून खुणेपर्यंत ओढा, आकडा वाचा आणि तसंच हळूहळू परत सोडा. हात निसटू देऊ नका. बाण न लावता दोरी सुटली तर लिम्ब तडकू शकतात. जुन्या धनुष्याचे लिम्ब पीळ खाल्लेले नाहीत ना तेही बघा, आणि दोरी चढवताना पायात अडकवून वाकवू नका, स्ट्रिंगर (दोरी चढवायचा खास दोर) वापरा.

---

हाडवैद्य_पुणे | ५ जून, सकाळी ८:४५

फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडूंचे खांदे रोज बघतो. या विषयात माझा रस तेवढाच, पण सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितो.

वजन जास्त झालं की नाही हे स्नायू दुखण्यावरून ठरवू नका. दुखायला लागायच्या खूप आधी शरीर पळवाट शोधतं. ओढताना धनुष्याचा हात आकाशाकडे जातो आणि मग खाली येतो. धनुष्याच्या बाजूचा खांदा कानाकडे चढतो. कमरेतून मागे झुकणं सुरू होतं. दोरी हनुवटीकडे येण्याऐवजी हनुवटी दोरीकडे जाते. श्वास कोंडला जातो. यातलं एक जरी दिसलं तरी वजन तुमच्या ताकदीबाहेर आहे. मोबाईलवर समोरून आणि मागून व्हिडिओ काढा, स्वतःला जाणवत नाही ते दिसेल.

खांदा चढवून ओढलं की सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूचा कंडरा वरच्या हाडाखाली चिमटतो. त्या कुशीवर झोपल्यावर रात्री ठणकलं तर धनुष्य खाली ठेवा आणि दाखवून घ्या. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतात, कंडरे मात्र महिने घेतात. "आता सहज ओढलं जातंय" असं वाटतं तेव्हा कंडरा अजून तयार झालेला नसतो. इजा होतात त्या याच टप्प्यावर. वय चाळिशीच्या पुढे असेल तर हे दुप्पट लागू.

रबर बँड घेऊन खांदा बाहेरच्या बाजूला फिरवायचे व्यायाम आणि पाठीची दोन्ही पाती जवळ आणायचे व्यायाम दिवसाआड करा. धनुष्यालाही आठवड्यातून दोन-तीन दिवस सुट्टी द्या.

---

कृष्णाकाठ | ५ जून, दुपारी १:१०

चर्चा माहितीपूर्ण आहे, पण राहवत नाही म्हणून विचारतो. हरणाला मारण्यासाठी एवढा अभ्यास? आणि मारायचंच असेल तर बंदुकीने एका क्षणात तरी मरेल. मुद्दाम कमी ताकदीचं हत्यार घेण्यात त्या मुक्या जिवाचा काय दोष?

---

मॅडिसनकर | ५ जून, रात्री ९:३०

कृष्णाकाठ, तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो आणि तो टाळायचा नाही.

आमच्या भागात लांडग्यांसारखे शिकारी प्राणी काही हरणांची संख्या आटोक्यात ठेवत नाहीत. २००२ मध्ये मॅडिसनच्या पश्चिमेला, माउंट होरेब परिसरातल्या हरणांमध्ये क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. मेंदू पोखरणारा आजार, त्यावर औषध नाही. आता आमच्या दक्षिण भागात तो पसरलेला आहे. आम्ही मारलेल्या हरणाचा नमुना सरकारी तपासणीला देतो आणि निकाल आल्यावरच मांस खातो. वर्षभर घरात तेच मांस असतं. मी शिकार छंद म्हणून करत नाही असं म्हणणार नाही, पण त्यातला एक कणही वाया जात नाही.

आणि तुमचा दुसरा मुद्दा, त्या जिवाचा काय दोष, तो पटतो म्हणूनच हा धागा काढला. पात्याचा बाण दोन्ही फुफ्फुसांतून गेला तर हरीण काही सेकंदांत पडतं. तो पोटात गेला तर तासन्‌तास तडफडतं. बाण कुठे जातो हे माझ्या हातावर आहे, आणि हात स्थिर राहतो की नाही हे मी निवडलेल्या वजनावर.

---

कृष्णाकाठ | ५ जून, रात्री १०:४०

मला शिकार पटणार नाही, पण उत्तर प्रामाणिक वाटलं. वाचतो आहे.

---

रानपाखरू | ६ जून, सकाळी ६:५०

मॅडिसनकर यांचं शेवटचं वाक्य पकडून धन्वी यांना उत्तर देते.

जास्तीचे १० पौंड खांद्याच्या हाडासाठी हवेत म्हणता. पण बाण खांद्याच्या हाडावर का जातो? बहुतेक वेळा हात हलला म्हणून, नाहीतर हरीण हलले म्हणून. पहिल्यावर जड धनुष्य उपाय नाही, तेच कारण आहे. दुसऱ्याचं गणित करून बघू.

१८ यार्ड म्हणजे ५४ फूट. सेकंदाला १५० फूट जाणारा बाण तिथे ०.३६ सेकंदात पोचतो. १० पौंड वाढवून समजा १६५ फूट वेग मिळाला, तर ०.३३ सेकंद. फरक ०.०३ सेकंदांचा. दोरीचा आवाज तेच अंतर ०.०५ सेकंदात कापतो. म्हणजे कुठल्याही रिकर्व्हचा बाण पोचायच्या आत हरणाने आवाज ऐकलेला असतो आणि चमकलेलं हरीण उडी मारायला आधी खाली बसतं. वेगाने हे टळत नाही. आवाज कमी केल्याने टळतं, आणि हरीण निवांत चरत असताना, मान दुसरीकडे असताना मारल्याने. दोरीला लोकरीचे गोंडे बांधा, ब्रेस हाइट (मूठ आणि दोरी यांतलं अंतर) थोडी वर-खाली करून धनुष्य सगळ्यात शांत कुठे वाजतं ते शोधा. जड बाण लावला तरी आवाज उतरतो, कारण धनुष्याची जास्त ताकद बाणात जाते आणि थरथर कमी उरते.

आत घुसण्याचं बोलायचं तर तिथेही बाणाचं वजन मोठं काम करतं. एकाच ४२ पौंडांच्या धनुष्यातून समजा ३८० ग्रेनचा (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं छोटं एकक) बाण १६८ फुटांनी जातो आणि ५०० ग्रेनचा १५० ने. वजन गुणिले वेग करा: पहिल्याचे ६३,८४०, दुसऱ्याचे ७५,०००. धनुष्य तेच, बोटांवरचं वजन तेच, आणि संवेग १७ टक्क्यांनी जास्त. शिकारीसाठी दर पौंडामागे किमान १० ग्रेन हा जुना हिशेब आहे. मी त्याच्या वरच राहते. जड बाण लवकर खाली येतो हे खरं, पण १८ यार्डांच्या आत तो किती येतो हे सरावाने डोळ्यात बसतं.

पातं दोन धारांचं, लांबट, टोकापासूनच कापत जाणारं. उघडणारी पाती कंपाउंडवाल्यांसाठी ठेवा. ती उघडण्यात जी ताकद जाते ती आपल्याकडे शिल्लक नसते. आमच्याकडे पात्याची रुंदी किमान ७/८ इंच लागते, तुमच्याकडचा नियम यंदाच्या पुस्तिकेत बघून घ्या. आणि धार! हाताच्या पाठीवरचे केस सहज निघाले पाहिजेत. बोथट पातं ५५ पौंडांच्या धनुष्यावरही बोथटच.

---

धन्वी | ६ जून, सकाळी ९:१५

गणित मान्य आहे. जड बाणाबद्दल तर वादच नाही, डॉ. एड ॲशबी यांनी आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांवर केलेलं काम हेच सांगतं, आणि हाड फोडायचं तर ६५० ग्रेनच्या वर जा म्हणतात ते. मी ६२० च्या आसपास वापरतो.

पण एल्क म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण नव्हे. मोठा नर तीनशे किलोचा असतो. तिथे मी माझ्या ५३ वरच राहणार. अलास्काचा नियमही असाच विचार करतो: काळं अस्वल, कॅरिबू यांना किमान ४०, आणि मूस, एल्क, तपकिरी अस्वल, बायसन यांना ५०. जनावर बदललं की वजन बदलतं.

हरणासाठी ४० पुरेसे आहेत हे मी मान्य करतो. मॅडिसनकर, माझ्या वरच्या सल्ल्यातलं "५० ला पोचाच" हे एल्कसाठी धरा.

---

जुनेपुराणे | ६ जून, दुपारी ३:३०

थोडं इतिहासातलं. कॅलिफोर्नियातल्या 'याही' (Yahi) नावाच्या जमातीचा शेवटचा माणूस, इशी, १९११ मध्ये बाहेरच्या जगात आला आणि १९१६ मध्ये वारला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारे डॉ. सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले, आणि आज अमेरिकेत धनुष्याची जी हौशी शिकार आहे तिची एक मुळी तिथे जाते. पोटापाण्यासाठी आयुष्यभर शिकार केलेल्या या माणसाच्या धनुष्याची ताकद पोप यांच्या नोंदींनुसार ४०-५० पौंडांच्या टप्प्यात होती. तो आरडाओरडा न करता, हरणाच्या अगदी जवळ जाऊन मारायचा. जवळ जाणं ही त्याची ताकद होती.

उलट टोकाला फ्रेड बेअर (१९०२-१९८८) ६५ पौंडांच्या आसपासची धनुष्यं वापरायचे, आणि त्यांचे फोटो बघून दोन पिढ्यांनी ६५ च्या मागे धाव घेतली. बेअर रोज धनुष्य ओढणारे, धनुष्य बनवणारे गृहस्थ होते. त्यांचा आकडा त्यांना शोभतो.

---

मॅडिसनकर | ८ जून, रात्री ८:५०

मोजलं. ताईंचा अंदाज अचूक. पावणेदोन इंच मिळवून माझी ड्रॉ लेंग्थ २६.५ आली, आणि मित्राच्या ४५ च्या धनुष्यावर बॅगांच्या काट्याने ४१.५ दाखवले.

दिवाणखान्यात ओढलं तेव्हा वाटलं, हे तर सहज जमतंय. मग हाडवैद्य यांनी सांगितलं तसा बायकोने व्हिडिओ काढला. सुरुवातीच्या ओढी ठीक होत्या. पुढे डावा खांदा कानाला लागायला लागला आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे ४१ आज माझे नाहीत.

आता प्रश्न खरेदीचा. टेकडाउन घ्यावं, म्हणजे लिम्ब बदलता येतील, एवढं ठरलं. साधं ६२ इंची बोल्टवालं घ्यावं की आयएलएफ (लिम्ब बसवायची प्रमाणित पद्धत) रायझर (धनुष्याचा मधला, मुठीचा भाग)?

---

सातारी_नेम | ९ जून, सकाळी ११:००

व्हिडिओ काढलात हे उत्तम केलंत. निम्मी माणसं तेच करत नाहीत.

आयएलएफचं एक ध्यानात ठेवा. त्या लिम्बवरचा आकडा २५ इंची रायझर धरून लिहिलेला असतो. शिकारीवाले १७ किंवा १९ इंची रायझर वापरतात. आखूड रायझरवर तोच लिम्ब जास्त वाकतो आणि वजन चार-सहा पौंडांनी तरी वाढतं. लोक ४० चा लिम्ब आणतात आणि बोटांवर अनपेक्षित आकडा आला की गोंधळतात. फायदा असा की बोल्ट फिरवून साधारण दहा टक्के वजन कमी-जास्त करता येतं, म्हणजे आमच्या पोरांसारखं दोन-दोन पौंडांनी चढता येतं. खिशाला परवडत असेल तर तेच घ्या.

---

रानपाखरू | ९ जून, रात्री ८:१५

सरांचं बरोबर. पण सुरुवातीला खर्च नको असेल तर सॅमिक सेजसारखं साधं टेकडाउनही वाईट नाही. त्याचे लिम्ब २५ पासून ६० पर्यंत पाच-पाच पौंडांच्या टप्प्याने मिळतात. लिम्बवर ३५ म्हणजे तुमच्या बोटांवर ३१-३२, आणि ४५ म्हणजे ४१. मधला ४० चा जोड कुणाकडून जुना मिळाला तर बघा, लोक पुढे गेले की विकतात.

लांबीबद्दल: मचाणावर बसून मारताना खालचा लिम्ब मांडीला किंवा बैठकीच्या कडेला लागतो, म्हणून बरेच जण ५८-६० इंची घेतात. आखूड धनुष्य शेवटच्या दोन इंचांत एकदम जड होतं, पण तुमची ओढ २६.५ असल्यामुळे तुम्हाला तो त्रास फारसा होणार नाही. २९-३० ओढणाऱ्याने मात्र ६२ च्या खाली विचार करून जावं.

आता खरी चाचणी सांगते, मी दर वर्षी सीझनच्या आधी स्वतःवर करते. रेंजवर गरम झालेल्या अंगाने, विसाव्या बाणाला काय होतं ते शिकारीत कामाचं नाही. शिकारीत पहिलाच बाण असतो, तोही दोन-तीन तास थंडीत आखडून बसल्यावर. तेव्हा अंगणात खुर्ची टाका, शिकारीचं जाड जाकीट आणि हातमोजा घाला, सकाळी उठल्या उठल्या बाहेर जाऊन तासभर हालचाल न करता बसा. मग बसल्या जागी कमरेतून वळून, धनुष्य आकाशाकडे न नेता, लक्ष्याच्या दिशेनेच सरळ आणि इतकं हळू ओढा की समोर हरीण असतं तर त्याने मान वर केली नसती. अँकरला सात-आठ सेकंद थांबा. मग बाण न सोडता परत खाली आणा. पुन्हा ओढा आणि आता सोडा. बाण १५ यार्डांवरच्या नऊ इंची कागदी थाळीत बसला पाहिजे. हरणाचं काळीज-फुफ्फुसाचं क्षेत्र साधारण तेवढंच असतं.

परत खाली आणणं यातलं सगळ्यात महत्त्वाचं. ओढल्यावर हरीण एक पाऊल पुढे झाडामागे जातं, असं नेहमी होतं. ज्याला खाली आणणं जड जातं तो "आता सुटू दे" म्हणून चुकीचा बाण सोडतो. ज्या वजनावर तुम्ही शांतपणे बाण न मारता परत येऊ शकता ते तुमचं शिकारीचं वजन. रेंजवर पेलतं त्यापेक्षा ते बहुतेकांचं पाच-सहा पौंड कमी भरतं.

जाकिटाने ओढही थोडी कमी होते आणि दोरी बाहीला घासते, तेव्हा बाहीवरून आर्मगार्ड बांधा. आणि मचाणावर चढायच्या आधी हार्नेस (पडू नये म्हणून पट्टा), धनुष्य नंतर दोराने वर ओढून घ्या. हे तुम्हाला ठाऊक असेल, तरी लिहिते.

---

हाडवैद्य_पुणे | ९ जून, रात्री १०:०५

ही चाचणी फार आवडली. थंड स्नायू आखडलेले असतात आणि बसल्यावर पायांचा-कमरेचा आधार जातो, सगळा भार पाठीच्या वरच्या भागावर येतो. एकच जोड देतो: चाचणीच्या आधी मचाणावर करता येतील असे, हालचाल न दिसणारे ताण-सैल प्रकार करून बघा. पाठीची पाती जवळ आणून पाच सेकंद धरायची आणि सोडायची. दर वीस मिनिटांनी केलं तरी खूप फरक पडतो.

---

वाचनमात्र_नवीन | १० जून, सकाळी ७:३०

पहिलाच प्रतिसाद. मी न्यू जर्सीत असते, नवऱ्याबरोबर नुसतं लक्ष्यावर मारायला सुरुवात करायची आहे, शिकार नाही. उंची ५ फूट २. वरचं सगळं वाचून २० घ्यावं की २५?

---

सातारी_नेम | १० जून, दुपारी १२:१०

२० घ्या ताई. पहिले काही आठवडे पाच-सहा यार्डांवर, मोठ्या गवती लक्ष्यावर, डोळे मिटून. तिथे नेम नाही, फक्त ओढणं आणि सोडणं. कंटाळवाणं वाटेल, पण हात तिथेच घडतो. २५ नंतर केव्हाही.

---

मॅडिसनकर | १२ जून, रात्री ९:२५

ठरलं. १९ इंची आयएलएफ रायझर मागवला आहे. हाती येईल तेव्हा बोटांवर साधारण ३२ भरतील असे लिम्ब, आणि पुढे ३८-४० चे. सप्टेंबरमधला सीझनचा पहिला दिवस गाठायचा हट्ट सोडला. सीझन इथे जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो, सुरुवातीला कंपाउंड घेऊनच बसेन. ताईंची चाचणी शिकारीच्या वजनावर रोजच्या रोज पार व्हायला लागली की मगच रिकर्व्ह मचाणावर चढेल, मग ते नोव्हेंबरात होवो नाहीतर पुढच्या वर्षी. चाचणी पस्तीसला पार झाली आणि चाळीसला नाही, तर पस्तीस, जड बाण आणि बारा यार्ड.

एकच विचारायचं राहिलं. बाण दोन्ही लिम्बसाठी तेच चालतील का?

---

रानपाखरू | १२ जून, रात्री १०:००

नाही, स्पाइन (बाणाच्या ताठपणाचा आकडा) वेगळा लागेल. ३२ साठी ६००-७०० चे स्वस्तातले घ्या आणि लांबी कापू नका. शिकारीचे बाण ३८-४० चे लिम्ब बसल्यावरच घ्या. ५०० आणि ६०० चे दोन-दोन मागवा, टोकाला वेगवेगळी वजनं लावून पिसांशिवाय मारून बघा. बाण लक्ष्यात सरळ घुसला तर जमलं. नॉक डावीकडे पडला (तुम्ही उजव्या हाताचे आहात ना?) तर बाण ताठ आहे, टोकाचं वजन वाढवा. उजवीकडे पडला तर नरम आहे, थोडं थोडं करून, एका वेळी पाव इंच कापा. पुढे जड टोक लावायचंच आहे, तेव्हा कापायची घाई नको.

लिम्ब आले की काट्यावर काय भरतंय ते इथे टाका, मग पुढचं बघू.